तोट्यातल्या कंपनीचे प्रमुखपद मी का घेतले

तोट्यात गेलेल्या कंपनीचे प्रमुखपद तुम्ही घेतलेतच कशाला, हा प्रश्न मला, एका बाईला, इतक्या वेळा आणि इतक्या काळजीच्या सुरात विचारला जातो की, ज्यांच्या कारकिर्दीत कर्ज वाढले त्या माझ्या आधीच्या गृहस्थांना कोणी कधी काही विचारले का, असे उलट विचारण्याचा मोह होतो.

सरळ उत्तर असे की, दुसरे पद कोणी देऊच केले नव्हते. मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम या मानसशास्त्रज्ञांनी २००५ च्या अभ्यासात लंडन शेअर बाजारातील शंभर बड्या कंपन्या तपासल्या, तेव्हा पडत्या बाजारात स्त्रियांना संचालक मंडळावर घेणाऱ्या कंपन्यांची कामगिरी त्याआधीचे पाच महिने सातत्याने वाईट असल्याचे दिसले. अमेरिकी कंपन्यांच्या प्रमुखांवरील २००९ च्या अभ्यासात मात्र तसे आढळले नाही, त्यामुळे सगळीकडे असेच घडते असा माझा दावा नाही.

माझ्या बाबतीत घडले ते असे. कर्जफेडीची मुदत वाढवून घेण्यासाठी बँकेत बैठक होती. परतफेडीचे वेळापत्रक मी तयार केलेले, मांडलेही मीच. प्रश्न मात्र शेजारी बसलेल्या वित्तप्रमुखाला विचारला गेला. तो माझ्याकडे पाही, मी उत्तर देई, आणि पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच. अखेर कागद आवरता आवरता ज्येष्ठ अधिकारी म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण शेवटचा निर्णय कोणाचा?" "माझाच," मी म्हणाले. मुदतवाढ मिळाली, पण मासिक अहवालावर माझ्याबरोबर वित्तप्रमुखाचीही सही हवी, या अटीवर. आधीच्या प्रमुखांची एकट्याची सही चालत असे. मी अट मान्य केली, कारण नाही म्हटले असते तर पगार थांबले असते. हे सांगताना मला आजही कमीपणा वाटतो, आणि तो मला का वाटावा याचा संतापही येतो.

आकडे सुधारले की स्त्री-पुरुष कोणी पाहत नाही, असे मी तेव्हा ठासून सांगत असे. आकडे सुधारले, अट तशीच राहिली, आणि कंपनी सावरताच संचालक मंडळाला 'वाढीसाठी वेगळा माणूस' हवासा वाटला. तरीही तेव्हाच्या मला गप्प करता येत नाही, कारण ती विचारते, नकार दिला असता तर बाईत धमक नाही असे हेच लोक म्हणाले नसते का?

तसे पद पुन्हा आले तर अधिकार आणि मुदत आधी लेखी मागेन. ते न मिळाल्यास नकार देईन की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.