सोळा ऑगस्टचं रक्तदान

आज कोलकात्यात रक्त देऊन आलो. १९८० साली याच तारखेला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल फुटबॉल सामन्यात हाणामारी, मग चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक गेले. त्यांच्या आठवणीत इथे दरवर्षी रक्तदान होतं. शेजारच्या खाटेवर ईस्ट बंगालवाले काका, मुठीत रबरी चेंडू दाबत. पलीकडे मोहन बागानची जर्सी घातलेला पोरगा. मिनिटभराच्या मौनापेक्षा मला हे कितीतरी जास्त पटतं.

पण तेवढ्याने भागत नाही. इंग्लंडमधल्या हिल्सबरो फुटबॉल स्टेडियमवर १९८९ च्या चेंगराचेंगरीत गेलेल्यांची घरची माणसं, दोष प्रेक्षकांचा नव्हता हे २०१६ मध्ये ज्युरीने सांगेपर्यंत, २७ वर्षं भांडली. क्लबांनी स्मृतिदिनीच स्टेडियमचे जिने, फाटकं, बाहेर पडायच्या वाटा तपासाव्यात आणि अहवाल सगळ्यांसमोर ठेवावा.