व्हीलिंगचा कोपरा आणि 205 नावं

पिट्सबर्गला मुलाकडे आलेल्या मराठी आईबापांना दोन देवळं चुकत नाहीत. एक पेन हिल्सचा बालाजी, दुसरं वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरावरचं इस्कॉनचं न्यू वृंदावन. बालाजी पहिल्याच रविवारी झाला. न्यू वृंदावनातही महाल पाहिला, मोर पाहिले, प्रसाद घेतला. याहून जास्त त्यावर लिहायला माझ्याकडे काही नाही.

लिहायचंय ते वाटेतल्या व्हीलिंगबद्दल. ओहायो नदीकाठचं, एकेकाळी पोलादावर पोसलेलं आणि आता बरंचसं ओस पडलेलं गाव. इथे थांबायचा हट्ट माझा. बाराव्या रस्त्याच्या नि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर मॅकल्युअर हॉटेलची इमारत आहे. 9 फेब्रुवारी 1950 च्या रात्री तिथे रिपब्लिकन महिला मंडळाच्या जेवणाला विस्कॉन्सिनचा सिनेटर जोसेफ मॅकार्थी, पुढे कम्युनिस्ट हुडकण्याच्या मोहिमेनं गाजलेला, भाषणाला आला होता. तोवर त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. परराष्ट्र खात्यात शिरलेल्या 205 कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात आहे, असं तो म्हणाल्याचं दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक पेपरात छापून आलं. पुढच्या एक-दोन दिवसांत आकडा 57 वर आला आणि त्याच महिन्यात सिनेटमध्ये 81 झाला. रेडिओ स्टेशननं केलेलं रेकॉर्डिंग पुसलं गेलं होतं, त्यामुळे मूळ आकड्यावर नंतर वादच वाद.

हे सगळं मी फुटपाथवर उभा राहून बायकोला सांगत होतो. ती म्हणाली, "यादी हातात असेल तर आकडा बदलेल कसा हो? वाण्याच्या यादीतसुद्धा साखर दोन किलो म्हणजे दोनच किलो."

याच गावात त्या सुमारास खाऊच्या गोळ्यांच्या मशीनमधून मुलांना भूगोलाच्या चिठ्ठ्या मिळायच्या. एका चिठ्ठीवर सोव्हिएत युनियन होतं: लोकसंख्या, राजधानी मॉस्को, जगातला सर्वांत मोठा देश. मुलांच्या हाती हे पडतंय म्हणून गावचे कारभारी हादरले. पेपरमिंटच्या गोळीला भिणारी महासत्ता! मला हसू आवरेना.

मुलगा मात्र हसला नाही. "बाबा, हसू नकोस. परवाच सिटिझनशिपचा फॉर्म भरलाय. जगात कुठेही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होतात का, कोणत्याही प्रकारे संबंध होता का, असं अजून विचारतात." 1952 च्या इमिग्रेशन कायद्यातली ती अट अजून तशीच आहे. मॅकार्थीवर 1954 मध्ये सिनेटनंच 67 विरुद्ध 22 मतांनी ठपका ठेवला, 1957 मध्ये तो वारलाही. रकाना काही गेला नाही.

"आजोबा होते ना रे लाल बावट्यात?" मुलानं विचारलं. होते. लालबागच्या गिरणीत साच्यावर होते आणि गिरणी कामगार युनियनची वर्गणी पगाराच्या दिवशी घरखर्चाच्या आधी बाजूला निघायची. आईची त्यावरून कुरकुर असे. एका मे दिनाला त्यांनी मला खांद्यावर बसवून परळच्या कामगार मैदानावर नेलं होतं. माझ्या हातात कागदी लाल झेंडा. खळ सुकली नव्हती, सगळी त्यांच्या टोपीला लागली.

आता हा "कोणत्याही प्रकारे संबंध" झाला की नाही? प्रश्न मुलाला होता, मला नव्हे, हे कळत होतं. तरी त्या परक्या गावात, रविवारच्या निर्मनुष्य रस्त्यावर मी आवाज बारीक केला. चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी, ज्याच्या विरोधात आयुष्यात एक मेमोसुद्धा निघाला नाही.

मुलानं 'नाही'वर टिक केली होती, आणि ते खरंच होतं. गाडीत बसताना बायको कानाशी येऊन म्हणाली, "ते झेंड्याचं इथे कुणाला सांगत बसू नका हं."

डोंबिवलीला परत येईपर्यंत नाही सांगितलं.