तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्याच्या माउसची सवय किती दिवसांत होते?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखानदार चादरीचं डिझाइन बघायला येतात आणि स्क्रीनच्या आधी माझ्या टेबलाकडे बघतात. "काय ओ, माउस उलटा पडलाय काय?" हा पहिला प्रश्न. दुसरा जरा हळू आवाजात, मनगट चोळत: "आम्हाला जमेल का? किती दिवस लागतात सवय व्हायला?"

याला ट्रॅकबॉल म्हणतात. डबी जागच्या जागी राहते, वरचा गोळा बोटांनी फिरवला की स्क्रीनवरचा बाण हलतो. जुन्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची, ती पाठीवर आणून ठेवली म्हणा. "नवीन निघालंय का?" असंही विचारतात. नाही, हे माउसपेक्षा जुनं आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या नौदलासाठी बनवलेल्या यंत्रणेत असा गोळा होता, तोही तिकडच्या बोलिंगच्या खेळातला उचललेला. डग्लस एंगलबार्ट यांचा पहिला लाकडी माउस १९६४चा.

दिवसांचा आकडा मात्र मी कुणाला सांगत नाही. सवय एकदम होत नाही, एकेका कामाची वेगळी होते. फाइल उघडणं, मेनूवर जाणं हे सोपं, त्याचा विचारही करू नका.

माझं खरं काम चौकटींचं. जकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणणारी यंत्रणा; तिच्या ग्राफवर एक चौकट म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. चौकट भरली की तिथे उभा धागा वर येतो, नाही तर खाली राहतो. आधीच्या पिढीतले लोक हे ब्रशने कागदावर भरायचे आणि त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचे. आता भरणं संगणकावर होतं, पण डोळे तेवढेच फुटतात. मोर काढून झाला म्हणजे डिझाइन झालं असं नव्हे. कुठे धागा बऱ्याच चौकटींवरून न अडकता लांब सुटलाय ते शोधायचं आणि मध्ये एक चौकट भरून त्याला बांधायचं. नाही बांधलं तर तो धागा कुणाच्या तरी पैंजणात अडकतो आणि चादर ओढली जाते. म्हणजे दिवसभर एकेका चौकटीवर क्लिक. माउसवर बटण दाबताना हात किंचित सरकतो आणि शेजारची चौकट भरते. इथे बाण नेऊन ठेवायचा, बोटं गोळ्यावरून उचलायची, मग बटण दाबायचं. बाणाला हलायला कारणच उरत नाही. या कामात मला माउसची आठवण फार लवकर येईनाशी झाली.

ओढून निवडण्याचं काम याच्या अगदी उलट. बटण दाबून धरायचं आणि त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी गोळा फिरवायचा, म्हणजे अंगठ्याचं आणि बोटांचं भांडण. बुट्टी निवडायला तिच्याभोवती ओढलेला चौकोन निम्म्यात सुटायचा. यावर सरावापेक्षा सेटिंग कामाला आलं. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये क्लिकलॉक असतं. ते चालू केलं की बटण क्षणभर दाबून सोडायचं, ते दाबलेलंच राहतं; पुन्हा क्लिक केलं की सुटतं. ट्रॅकबॉल घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे करून टाकावं.

आणि वेलबुट्टी हाताने काढणं? ते मला आजही जमत नाही. गोळ्यावर काढलेली माझी वेल जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. त्यासाठी पेन टॅबलेट बाजूला ठेवलाय. ज्यांचं मुख्य काम चित्र काढायचं आहे, त्यांनी गोळ्याच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मनगटाचं विचारता, तर मनगट इकडून तिकडे सरकवावं लागत नाही एवढं खरं. पण तेच काम आता बोटं करतात. अंगठ्याने फिरवायचा छोटा गोळाही मिळतो, तो मी घेतला नाही. दिवसभराचा सगळा भार एकट्या अंगठ्यावर टाकायला मन धजावलं नाही. माझा मोठा आहे, मधोमध, म्हणून डाव्या हातानेही चालतो. हाताला मुंग्या येत असतील तर मात्र आधी डॉक्टर, मग खरेदी.

सोलापूरची एक वेगळीच अडचण. यंत्रमागाच्या शेजारी बसायचं म्हणजे हवेत सुताचा बारीक भुरा आलाच. गोळा आत तीन बारीक टेकूंवर बसलेला असतो आणि भुरा नेमका तिथे जमतो. बाण अडखळायला लागला की गोळा काढायचा, टेकू नखाने खरवडायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे. नवा गोळा सुरुवातीला जरा अडकत फिरतो, पुढे हाताच्या तेलकटपणाने गुळगुळीत होतो. एका शेठनी त्यावर खोबरेल लावायचा सल्ला दिला होता. लावू नका, भुरा दुप्पट चिकटेल.

घेतलात तरी जुना माउस काढून टाकू नका. दोन्ही एकाच वेळी जोडलेले चालतात, बाण एकच असतो. ऑर्डर तातडीची असेल तेव्हा माउस धरा, गोळा निवांत कामाला ठेवा.