क्लॅरेंडनची नोंद ३: मुंगूस एकदाचं छापलं

गेल्या वेळी गाडी क्लॅरेंडन या ठळक इंग्रजी टाइपचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, रॉकेलने धुऊन केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, लावण्यापर्यंत आली होती. या रविवारी पहिला फर्मा (छापायला आवळलेली खिळ्यांची जुळणी) बांधला. कार्ड शब्दकोशातल्या नोंदीसारखं: सुरुवातीला ठळक क्लॅरेंडनमध्ये इंग्रजी ‘मंगूज’, पुढे साध्या रोमनमध्ये (नेहमीच्या उभ्या अक्षरात) अर्थ आणि ‘मूळ मराठी मुंगूस’. इंग्रजीने आपल्याकडून उचललेला शब्द, म्हणून मुद्दाम तोच.

क्लॅरेंडनचा जन्मच अशा कामासाठी झाला. १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून रॉबर्ट बेस्लीने ते बाजारात आणलं; पंच (अक्षरांचे मूळ पोलादी ठसे) कोरले बेंजामिन फॉक्सने. साध्या मजकुराच्या ओळीत बसूनही एखादा शब्द उठून दिसावा, हा हेतू. एरवी जोर द्यायला इटॅलिक किंवा कॅपिटल, नाहीतर जाहिरातीतलं धिप्पाड अक्षर ओळीत कोंबायचं. बेस्लीने नोंदणी केली होती, पण संरक्षण तीनच वर्षांचं. मुदत संपली आणि नकलांचा सुळसुळाट झाला. माझा संचही कुठल्यातरी नकलेचाच वंशज असणार, पण तक्रार नाही.

तक्रार ओळीची होती. क्लॅरेंडन आणि रोमन दोन्ही १२ पॉइंट, पण ओतलेले वेगवेगळ्या कारखान्यांत. ‘मंगूज’ किंचित खाली घसरलेला, आणि आकारानेही अंगावर येणारा. सारख्याच उंचीच्या खिळ्यांत वर-खाली सरकवायला जागा कुठून आणणार? मग १० पॉइंटचं क्लॅरेंडन घेतलं. त्याची छोटी अक्षरं मुळातच उंच, त्यामुळे १२ च्या रोमनशेजारी ते बुटकं वाटत नाही. उरलेले दोन पॉइंट शिशाच्या (लेड) आणि कागदाच्या पट्ट्यांनी वर-खाली वाटले. चौथ्या प्रूफला ओळ सरळ आली. पट्ट्या कापण्यात दुपार गेली.

मग शाईने छळलं. जाड अक्षराला जास्त शाई हवी, या समजुतीने मी रोलर भरला आणि ‘जी’च्या खालच्या घराचं (आतल्या मोकळ्या जागेचं) डबकंच झालं, ‘ई’चा डोळाही मिटला. शाई निम्म्यावर आणली, फक्त त्या शब्दाच्या जागी मागून टिश्यूचा एक तुकडा चिकटवला, तेव्हा कुठे काळा रंग दाट आणि घरं मोकळी. भिंगातून ‘जी’चा कान बघा: टोकाला गोळा, अगदी मिरीच्या दाण्यासारखा. सेरिफही (रेषांच्या टोकांवरच्या आडव्या पट्ट्या) दांड्याला काटकोनात नुसते चिकटवलेले नाहीत, वळण घेत त्यात मिसळतात. म्हणून इतकी वर्षं ठोके खाऊनही ते तुटलेले नाहीत. याच पेट्यांच्या ढिगातल्या एका बारीक रेषांच्या रोमनचे निम्मे सेरिफ गळालेत.

हौसेने अख्खा अर्थही क्लॅरेंडनमध्ये जुळवून पाहिला. तीन ओळींतच डोकं भणभणलं, लगेच सोडवला.

चाळीसपैकी एकतीस कार्डं बरी आली. पुढच्या खेपेला मोठ्या आकारातलं कॅपिटल ‘आर’ काढतोय, ज्याचा पाय शेवटी शेपटीसारखा वर वळतो.