टर्बो उतरवण्याआधी

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना आंबा घाटात माझ्या डिझेल गाडीचा पिकअपच गेला. चढ ओढेना, मागे काळा धूर, मीटरवर इंजिनाचा दिवा. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी चाले, मग पुन्हा तेच.

पहिल्या गॅरेजात स्कॅनरवर पी०२९९ कोड आला आणि लगेच निकाल लागला, "टर्बो गेला, नवीन टाका." टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा. पुरावा म्हणून इंटरकूलरचा (ती हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढून आतलं ऑइल दाखवलं. खर्च ६० हजारांच्या घरात! मी गाडी खोलू दिली नाही. हा कोड एवढंच सांगतो की हवेचा दाब हवा तेवढा येत नाही. का येत नाही, ते शोधावं लागतं. पाइपात बोटाला ऑइल लागणं तर नेहमीचंच, ते इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येतं. निळा धूर निघत असता, डिपस्टिकवर ऑइल उतरत असतं, तर गोष्ट वेगळी.

लांज्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. म्हणाले, "आधी हवा जाते कुठं ते बघू. टर्बो काय पळून जात नाय." स्कॅनर लावून त्यांनी मला चढावर गाडी चालवायला लावली. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) २.१ बार दाब मागत होता, मिळत होते जेमतेम १.२. आपल्याकडे समुद्रकाठी बाहेरच्या हवेचाच दाब साधारण १ बार असतो, म्हणजे टर्बो जवळजवळ फुकटच फिरत होता.

मोठे पाइप आणि क्लॅम्प साबणाच्या पाण्याने तपासले, कुठे बुडबुडा नाही. मग अ‍ॅक्च्युएटरला (व्हॅक्यूमच्या ओढीने टर्बोची पाती हलवणाऱ्या डबीला) हातपंप लावला. दांडा सरळ वर गेला, तिथेच थांबला. म्हणजे अ‍ॅक्च्युएटर ठीक, पातीही अडकलेली नाहीत. मग त्याच्याकडे येणारा बारीक व्हॅक्यूमचा पाइप त्यांनी काढला आणि इंजिन चालू ठेवून माझं बोट त्याच्या तोंडावर धरलं. ओढच नाही! एक्झॉस्टच्या उष्णतेने रबर कडक होऊन जोडाजवळ चिरलं होतं; पाइप वाकवला तेव्हा कुठे ती चीर दिसली.

पाइप बदलला, दाब मागणीएवढा आला. मजुरीसकट खर्च हजाराच्या आत.

टर्बोची शाफ्टही त्यांनी दाखवली. ती आडवी किंचित हलते आणि हलायलाच हवी, कारण बेअरिंगमध्ये ऑइलचा थर असतो. पुढेमागे सरकत असेल किंवा पंखा घासल्याची खूण असेल, तर मात्र टर्बो खरंच गेला. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी वस्तू आहे ती. अशा वेळी ऑइलची फीड लाइन तपासल्याशिवाय नवीन टर्बो बसवू देऊ नका. लाइन चोंदलेली राहिली, तर नवाही तसाच जातो.