सदर इसम येथे राहतात

सही माझ्याच हातची होती, त्यामुळे भांडायला तोंड उरलं नाही.

जुलैतला शनिवार, रात्रीचे पावणेदहा. निवाऱ्याच्या फाटकाशी एक खासगी रुग्णवाहिका थांबली. दोघांनी एका माणसाला चाकाच्या खुर्चीवरून उतरवून मीटरच्या पेटीखाली बसवलं आणि खुर्ची परत गाडीत घातली. माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली, त्यात एक्स-रे, गोळ्या आणि डिस्चार्ज कार्ड. "मॅडम, तुमचाच पेशंट. इथे सही करा." माझा कसा, असं विचारल्यावर त्याने कार्ड माझ्यासमोर धरलं. पत्ता आमच्या निवाऱ्याचा. नातेवाईक म्हणून माझं नाव. आणि मागे टाचलेलं आमच्याच लेटरहेडवरचं पत्र, 'सदर इसम येथे राहतात.'

ते मीच दिलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी.

बेघरांच्या निवाऱ्यात व्यवस्थापक आहे म्हटलं की लोकांना वाटतं मी चादरी वाटते. चादरी वाटायला पुष्कळ लोक येतात, वाढदिवसाला बिर्याणीही आणतात आणि फोटो काढून जातात. माझं निम्मं काम पत्रं लिहिण्याचं आहे. आधारसाठी पत्र, बँकेसाठी पत्र, पोलिसांनी उचललं तर पत्र. ज्याला पत्ता नाही त्याला आम्ही आमचा उसना देतो.

हे काका दादरच्या पुलाखाली झोपणारे, कामाने केटरिंगमधले वाढपी. संध्याकाळी नाक्यावर उभं राहायचं, ठेकेदार मोजून टेम्पोत भरतो, हॉलवर पांढरा शर्ट मिळतो, रात्री एकला भांडी आवरली की शर्ट परत आणि पैसे हातात. शेवटची लोकल गेलेली असते. असे कितीतरी पुरुष आयुष्यभर रोज कामावर जातात आणि फुटपाथवर झोपतात. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली आणि मुंबईत 57 हजारांहून थोडे जास्त भरले. फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. काकांसारखे त्या रात्री कुठल्यातरी हॉलमागे कढया घासत असणार, त्यांना कोणी मोजलं असेल असं मला वाटत नाही.

जूनमध्ये, सीझनच्या शेवटच्या लग्नांपैकी एकावरून परतताना काकांच्या पायावरून टेम्पो गेला. नडगीचं हाड बाहेर आलेलं. सरकारी रुग्णालयात नेलं, दाखलही करून घेतलं. पण मोडलेलं हाड धरून ठेवायला बाहेरून बसवायचा फिक्सेटर विकत आणायचा होता, आणि गरीब रुग्ण निधीतून पैसे हवे असतील तर पत्त्याचा पुरावा. रेशनकार्ड गावी, बायकोच्या नावावर, आणि बायको अठरा वर्षांपूर्वी भावाकडे निघून गेलेली. तिथल्या समाजसेविकेचा मला फोन आला, "ताई, काहीतरी कर, पाय जाईल." दहा मिनिटांत पत्र टाइप केलं. काका आमच्याकडे एक रात्रही झोपलेले नव्हते. 'राहतात' हा शब्द लिहिताना माझा हात जराही अडला नाही.

पाय वाचला. मग बेड रिकामा करायची वेळ आली तेव्हा त्यांनी कागद पाहिला. या माणसाला घर आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. कार्डावर शेरा होता, 'सहा आठवडे पायावर भार देऊ नये, दिवसाआड ड्रेसिंग, नातेवाईकाच्या ताब्यात दिले.' त्या निवासी डॉक्टरला मी शिव्या दिल्या, पण मनातल्या मनात. त्या वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये जमिनीवरही पेशंट असतात, हे मी पाहिलंय.

आमचा निवारा पहिल्या मजल्यावर आहे. एकोणीस पायऱ्या, लिफ्ट नाही, संडास वर आणि तोही भारतीय पद्धतीचा. पायातून चार पिना आणि लोखंडी दांडा बाहेर आलेला माणूस उकिडवा बसू शकत नाही, हे निवाऱ्याची जागा निवडताना कोणाच्याही डोक्यात आलं नसणार. माणशी 50 चौरस फूट जागा हवी, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. बरे होत असलेल्या रुग्णांसाठी वेगळी सोय करावी, हेही त्यांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा असं सांगितलं. मुंबईची लोकसंख्या 2011 ला सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. त्याच्या जवळपासही नाहीत. जे आहेत ते जिथे पालिकेची खोली रिकामी सापडली तिथे.

त्या रात्री मी पाच फोन केले. रुग्णालयाच्या अपघात विभागातून उत्तर आलं, पेशंट स्थिर आहे, पुन्हा दाखल करण्यासारखं काही नाही. 108 ची रुग्णवाहिका तातडीच्या रुग्णांसाठी असते आणि काका तर शांत बसून चहा पीत होते. साडेअकराला आमचे रात्रपाळीचे मामा म्हणाले, "ताई, फोन ठेवा आता, यांना लघवीला लागलीय." मामांनीच गोदामातली मोडकी प्लास्टिकची खुर्ची आणली, पत्रा कापायच्या करवतीने मधोमध भोक पाडलं, कडा मेणबत्तीने वितळवून गुळगुळीत केल्या, खाली बादली. सहा वर्षांत या निवाऱ्यात झालेली सगळ्यात उपयोगी खरेदी म्हणायची तर ती, आणि तिची पावती नाही.

काका खालच्या पॅसेजमध्ये नऊ दिवस राहिले.

ड्रेसिंग मी शिकले. एका ओळखीच्या सिस्टरने व्हिडिओ कॉलवर शिकवलं. आधी हात कोपरापर्यंत धुवायचे, सलाइनमध्ये भिजवलेला गॉज, एका पिनेला एकच, तो दुसऱ्या पिनेला लावायचा नाही. पिनेपासून बाहेर पुसत जायचं. खपली ओढायची नाही. मग बीटाडिनची पट्टी पिनेच्या बुडाशी आठच्या आकड्यात गुंडाळायची, घट्ट नाही, पण खालच्या कातडीला हलू न देणारी. चौथ्या दिवसापर्यंत माझा हात बसला. एकाही पिनेतून पू आला नाही. हे कुठल्याच अहवालात येणार नाही, म्हणून इथे लिहिते.

सोमवारपासून जागा शोधणं सुरू झालं. वृद्धाश्रमाला साठ पूर्ण हवेत. काकांच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी 1969. ज्याला तारीख माहीत नाही त्याचा वाढदिवस सरकार 1 जानेवारीला करतं. काकांना 72 चा दुष्काळ लख्ख आठवतो. रोजगार हमीच्या रस्त्यावर बापाबरोबर खडी वाहिली, सुकडी खाल्ली. तीन वर्षांचं पोर खडी वाहत नाही. मी हे फोनवर वृद्धाश्रमाच्या बाईंना समजावलं. त्या हसल्या, आणि मग म्हणाल्या, "पण कागद काय म्हणतो?" अपंगांच्या संस्थेला 40 टक्के कायमच्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं, आणि काकांचा पाय तर बरा होणार होता. एका धर्मादाय आश्रमात बेड नव्हता, पण त्यांनी नंबर लिहून घेतला. पुढे-मागे तेवढ्यांचाच फोन आला.

बुधवारी पालिकेचे साहेब पाहणीला आले. "पॅसेजमध्ये माणूस ठेवता येणार नाही, मीटर आहेत." बरोबरच होतं, मीटर होतेच. जाताना खासगीत म्हणाले, "सिग्नलला बसवा दोन तास. भिक्षेकरी म्हणून उचलून भिक्षेकरीगृहात नेतील, तिथे डॉक्टर तरी असतो." 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा हा आमच्याकडच्या लोकांना आजवर फक्त पळायला लावत आला, तो कोणाला उपचार मिळवून देण्यासाठी सुचवला जाईल असं मला वाटलं नव्हतं. सगळ्यात वाईट हे, की मी अर्धा मिनिट विचार केला. काकांनी ऐकलं होतं. ते म्हणाले, "ताई, तीस वर्षं पंगतीत वाढलंय. मागितलं नाही कधी."

दहाव्या दिवशी सकाळी सातला मी पोचले तर पॅसेज रिकामा. भोकाची खुर्चीही नव्हती. मामा मान खाली घालून उभे. पहाटे केटरिंगवाले चौघे हातगाडी घेऊन आले होते आणि काकांना पुलाखाली घेऊन गेले. मामांनी अडवलं नाही, ताडपत्री बांधायला दोरी दिली.

मी तरातरा दादरला गेले, ओरडायच्या तयारीने. काका फळ्यांच्या उंच बाकावर पाय लांब करून बसलेले. पंधरा पावलांवर पैसे देऊन वापरायचं शौचालय, सपाटीवर, आत एक कमोड. दोघे त्यांना खांद्यावर घेऊन जात, तिथला माणूस काकांकडून पैसे घेत नसे. जेवण होतं, गप्पा होत्या, डासांसाठी कॉइल होती. आषाढी होऊन गेलेली, चातुर्मास लागलेला, लग्नांचे मुहूर्त बंद. त्यामुळे सगळे रिकामे होते आणि सगळ्यांकडे वेळ होता. काका म्हणाले, "तुमच्याकडे दिवसभर कोणी नसायचं हो." मी ओरडले नाही. पिशवीतून गॉज काढला आणि ड्रेसिंग केलं. येणारे-जाणारे थांबून पाहत होते, एका पोराने मोबाइल काढला.

हाच उपाय योग्य होता का, मला अजून कळत नाही. फुटपाथवर उघड्या पिना, पावसाळ्यात. एका पिनेपासून हाडाला संसर्ग झाला की मिळवलेलं सगळं गेलं. आणि हे चौघे तुळशीच्या लग्नानंतर परत कामाला लागले असते, तेव्हा हाच पाय मोडला असता तर?

महिनाअखेरीस नोंदवहीत 'निवारा सोडण्याचे कारण' हा रकाना भरायचा असतो. घरी परत, नोकरी, अन्य संस्थेत, मृत्यू. मी पेन्सिलीने 'घरी परत' लिहिलं, खोडलं, शेवटी रिकामा ठेवला. वरून फोन आला की रकाना रिकामा राहिला तर प्रणाली पुढे जात नाही. समोरच्या मुलीनेच 'घरी परत' निवडलं. आमचा पुनर्वसनाचा आकडा त्या महिन्यात एकाने वाढला.

मागच्या आठवड्यात त्याच समाजसेविकेचा फोन आला. तीस-बत्तीस वर्षांचा मुलगा, मनगट आणि मांडी, पत्ता नाही. या वेळी मी सावध झाले होते. पत्रात लिहिलं, 'सदर इसम बेघर असून पत्रव्यवहारासाठी आमचा पत्ता वापरतात; डिस्चार्जपूर्वी निवासाची सोय ठरवावी.' तासाभरात पत्र परत आलं. निधीच्या टेबलावर हे चालत नाही, म्हणे. बेघर लिहिलं तर पुरावा कशाचा धरायचा? 'राहतात' असंच हवं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी जुनी फाइल उघडली, नाव बदललं, तारीख बदलली, आणि सही केली.