आमच्या वयाची नाझिया

1980 साली मी नववीत होते. त्या वर्षी ‘कुर्बानी’ लागला आणि नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’ रेडिओवरून घराघरात पोचलं. शाळेच्या स्मरणिकेत सिनेमाचं गाणं कशाला, असं कुणाला वाटेल. पण आमच्या तुकडीतल्या मुलींच्या आठवणी त्याला वगळून पुऱ्या होत नाहीत.

गाणारी मुलगी पंधरा वर्षांची आहे, यावर वर्गात कुणाचा विश्वास बसेना. जन्म कराचीचा, राहायला लंडनला, पण शेवटी आमच्यासारखीच शाळकरी! लंडनमधल्या एका पार्टीत ती ‘कुर्बानी’चे निर्माते-दिग्दर्शक फिरोझ खान यांना भेटली आणि त्यांनी तिला बिड्डूंकडे नेलं. बिड्डू मूळचे बंगळूरचे, ‘कुंग फू फायटिंग’ या जगभर गाजलेल्या गाण्याचे निर्माते. सिनेमाची बाकी गाणी कल्याणजी-आनंदजींची, हे एकच बिड्डूंचं. शब्द इंदीवर यांचे, पडद्यावर झीनत अमान.

तिचा आवाज जरासा नाकातला. ताना नाहीत, मुरक्या नाहीत. लताबाई-आशाबाईंना ऐकत वाढलेल्या आम्हा मुलींना गाणं म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट वाटायची. ही मात्र सहज बोलावं तशी गात होती. खाली तो एकसारखा ठेका. मधल्या सुट्टीत तो बाकावर धरला जायचा: एका हातात डस्टर, दुसऱ्या हाताची बोटं, आणि मागच्या बाकावरून कंपासपेटीचा खुळखुळाट.

गायनाच्या बाई शास्त्रीय शिकलेल्या. एकदा प्रार्थनेच्या तालमीआधी मी हे गाणं गुणगुणत होते, ते त्यांच्या कानावर पडलं. आता बोलणी बसणार, असं वाटलं. पण त्यांनी पेटी पुढे ओढली आणि दोन-तीन पट्ट्या बदलून माझ्या गळ्याला सोसेल ती शोधून दिली. ‘‘नाकातला आवाज म्हणजे काही गुन्हा नाही गं. सुरात राहा, म्हणजे झालं.’’ तोवर वृंदगानात मागे उभी राहून हळूच म्हणणारी मी त्यानंतर मोकळ्या गळ्याने गाऊ लागले. याचं श्रेय मी बाईंना आणि नाझियाला सारखंच देते.

1981 मध्ये तिला या गाण्यासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. इतक्या लहान वयात तो तोवर कुणालाच मिळाला नव्हता. त्याच वर्षी भाऊ झोहेबबरोबर ‘डिस्को दिवाने’ आलं. सिनेमाचा आधार नसलेली हिंदी गाण्यांची कॅसेट एवढी वाजते, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. मला विशेष कौतुक याचं, की एवढी प्रसिद्धी मिळूनही तिने शिक्षण सोडलं नाही. लंडनमध्ये कायद्याची पदवी घेतली. 13 ऑगस्ट 2000 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली, तेव्हा अवघी 35 वर्षांची होती. बातमी वाचून घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

महोत्सवाच्या कार्यक्रमात आम्ही वर्गमैत्रिणी हे गाणं म्हणणार आहोत. सध्याच्या नववीतल्या कुणा मुलीला सोबत गायचं असेल, तर तिने वर्गशिक्षकांकडे जरूर नाव द्यावं. पट्टी तिच्या सोयीची घेऊ.